मल्टिकोअर प्रोसेसर आणि मुक्त सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी, फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आणि जुन्या मशीनवर लिनक्स चढवलेल्या लहान कचेऱ्या यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांतच टाइप करायच्या. ‘एनप्रॉक’ म्हणजे एन, पी, आर, ओ, सी. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

माझ्या मशीनमध्ये खरे कोअर किती, हे कसं कळेल?

‘एनप्रॉक’ एकच आकडा देतं, आणि तो बहुधा थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) असतो, कोअरचा (प्रोसेसरमधल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाचा) नव्हे. खरी माहिती ‘एलएससीपीयू’ देतं. त्यात तीन ओळी पाहा: एका कोअरमागे थ्रेड किती, एका सॉकेटमागे (प्रोसेसर बसवायच्या जागेमागे) कोअर किती, सॉकेट किती. जुन्या आय३-४१३० मध्ये कोअर २ आणि थ्रेड ४, म्हणून एनप्रॉक ४ म्हणतं. हायपरथ्रेडिंगचा, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याच्या सोयीचा, दुसरा थ्रेड म्हणजे त्याच चुलीवरचा दुसरा टोप. आच तेवढीच, फक्त एक पदार्थ मुरेपर्यंत दुसरा ढवळता येतो. त्याचा फायदा होतो, पण दुपटीच्या आसपासही नाही, आणि काही गणिती कामांत तर शून्य.

‘एलएससीपीयू -ई’ केलं की प्रत्येक थ्रेड कुठल्या कोअरवर बसतो याचा तक्ता येतो. पुढच्या काही उत्तरांत तो लागेल.

खोक्यावर आठ लिहिलंय, लिनक्स चारच दाखवतं. असं का?

आधी खोक्यावरचा आठचा आकडा कोअरचा आहे की थ्रेडचा, ते पाहा. तो घोळ नसेल तर तीन जागा तपासा. पहिली बायोस: तिथे हायपरथ्रेडिंग किंवा काही कोअर बंद केलेले असू शकतात. सेकंडहँड मशीनमध्ये हे हमखास सापडतं. दुसरी ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ ही फाइल: तिच्यात ‘नोएसएमटी’ किंवा ‘मॅक्ससीपीयूज’ असा शब्द दिसला तर कुणीतरी ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तो टाकून ठेवला आहे. तिसरी ‘एलएससीपीयू’मधली ऑफलाइन सीपीयूंची ओळ. ती रिकामी नसेल तर संबंधित कोअरच्या ‘ऑनलाइन’ फाइलमध्ये रूट म्हणून १ लिहिला की तो जागा होतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये असाल तर मात्र जेवढे कोअर तिला दिले तेवढेच दिसणार.

लिनक्सला एकापेक्षा जास्त प्रोसेसर कधीपासून कळतात?

१९९६ च्या २.० आवृत्तीपासून. तेव्हा कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) एकच मोठं कुलूप होतं: एका प्रोसेसरनं कर्नलचं दार उघडलं की बाकीचे बाहेर थांबायचे. ते कुलूप तुकड्यातुकड्यानं फोडत नेलं आणि २०११ च्या २.६.३९ मध्ये त्याचा शेवटचा अवशेषही गेला. कुठलं काम कुठल्या कोअरवर चालवायचं हे ठरवणारा शेड्युलरही वेळोवेळी बदलत गेला, जसं २००७ मध्ये २.६.२३ च्या वेळी आणि २०२३ मध्ये ६.६ च्या वेळी. तेव्हा ‘लिनक्स माझे कोअर वापरत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्यावर जाते. कर्नल कोअर देतो. ते घ्यायचे की नाहीत, हे प्रोग्रॅमच्या हातात असतं.

मग चार कोअर असूनही काम चौपट वेगानं का होत नाही?

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आठवा. समजा एकट्या बाईला सगळ्या कामाला १०० मिनिटं लागतात. त्यातली १० चून (आतलं सारण) शिजवण्यात जातात आणि ९० लाटणं, भरणं, मुरड घालणं यांत. चून चौघींनी मिळून ढवळलं तरी दहा मिनिटांचं अडीच होत नाही. लाटणं-भरणं मात्र वाटून घेता येतं. चौघी बसल्या तर १० अधिक २२.५, म्हणजे ३२.५ मिनिटं, वेग साधारण तिप्पट. आठजणी बसल्या तर २१ च्या वर, वेग पावणेपाचपट. सोळाजणी बसवल्या तर १५.६, वेग साडेसहापटीच्या आत. अख्खा वाडा बोलावला तरी दहा मिनिटांच्या खाली कुणी जाणार नाही. हाच हिशेब जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये संगणकांसाठी मांडला आणि तो अजून कुणाला चुकवता आलेला नाही.

वर आणखी दोन अडथळे असतात. एक मेमरीचा रस्ता. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीच्या धक्क्यावर रस्ता चारपदरी केला म्हणून फेरीबोट जास्त गाड्या घेत नाही. कोअर वाढले तरी रॅमपर्यंतची बोट तीच. दुसरा कुलपांचा. दोन थ्रेडना एकच गोष्ट बदलायची असेल तर एकाला थांबावं लागतं, आणि थांबलेल्यांची संख्या वाढली की जास्त थ्रेड लावून काम उलट हळू होतं. त्यामुळे १, २, ४, ८ असे थ्रेड वाढवत प्रत्येक वेळी आज्ञेपुढे ‘टाइम’ लावून मोजा. वेळ कमी व्हायचा जिथे थांबतो तिथेच आपणही थांबावं.

एचटॉपमध्ये एकच पट्टी भरलेली दिसते, बाकीच्या रिकाम्या. मशीन बिघडलंय का?

नाही. एचटॉप प्रत्येक थ्रेडचा भार एका पट्टीत दाखवतं, आणि तुम्ही चालवलेला प्रोग्रॅम एकाच थ्रेडवर चालतो आहे. भरलेली पट्टी अधूनमधून एका कोअरवरून दुसऱ्यावर उडी मारते, ती शेड्युलरची नेहमीची फिरवाफिरवी. नुसतं ‘टॉप’ वापरत असाल तर १ दाबा, म्हणजे सगळे कोअर वेगळे दिसतील.

लोड ॲव्हरेज १२ दाखवतं, पण सीपीयू तर निवांत आहे. कसं शक्य आहे?

लिनक्सचा हा आकडा फक्त सीपीयूची रांग मोजत नाही. डिस्कची वाट पाहत अडकलेली कामंही त्यात धरली जातात. चार कोअरच्या मशीनवर लोड ४ म्हणजे सगळे कोअर कामात. १२ दिसतंय आणि कोअर रिकामे आहेत, तर ‘टॉप’च्या वरच्या भागात ‘डब्ल्यूए’पुढचा आकडा पाहा. तो ३०-४० असेल तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा आहे आणि नवा प्रोसेसर घेऊन काहीही फरक पडणार नाही. एसएसडी घाला.

रोजच्या वापरातले कोणते प्रोग्रॅम सगळे कोअर वापरतात?

ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या प्रोग्रॅमचं सायकल्स इंजिन डोळे मिटून सगळे वापरतं. गिंपमध्ये प्रेफरन्सेसच्या ‘सिस्टिम रिसोर्सेस’ पानावर थ्रेडचा आकडा असतो. तो कुणी १ करून ठेवला नाही ना, ते बघा. लिबरऑफिस कॅल्कमध्ये टूल्स, ऑप्शन्स, कॅल्क, कॅल्क्युलेट या वाटेनं गेलं की मल्टिथ्रेडेड गणिताची खूण सापडते. तिचा फायदा एकच सूत्र हजारो ओळींत खाली ओढलेलं असेल तेव्हा होतो. ओळ अन् ओळ वेगवेगळ्या सूत्रांची असेल, किंवा प्रत्येक ओळ वरच्या ओळीवर अवलंबून असेल (रोजकीर्दीतली चालू शिल्लक घ्या), तर नाही.

फाइल दाबून लहान करणारं ‘जीझिप’ एकाच कोअरवर चालतं, आणि बॅकअपला रात्र लागण्याचं कारण पुष्कळदा हेच निघतं. त्याऐवजी ‘पिग्झ’ वापरा. फाइल त्याच प्रकारची बनते, म्हणून समोरच्याला काही नवं घालावं लागत नाही. नवीन बॅकअपला ‘झेडएसटीडी -टी०’ आणखी बरं; इथे टी मोठा आणि पुढे शून्य, म्हणजे ‘किती कोअर ते तूच मोज’. ‘एक्सझेड’लाही हाच पर्याय आहे, पण तिथे जपून. -९ पातळीला एका थ्रेडलाच सुमारे ६७४ एमबी मेमरी लागते, आणि थ्रेड वाढले की मेमरीही त्या पटीत वाढते.

लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ एन्कोड करायला रात्र जाते. कोअर तर सगळे भरत नाहीत.

इथे बरंच काही कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या (एन्कोडच्या) पद्धतीवर, अवलंबून आहे. एक्स२६४ आपणहून थ्रेडच्या दीडपट कामगार लावतं आणि साधारण मशीन भरून काढतं. एक्स२६५ मुख्यतः चित्राच्या ओळी वाटून घेतं, आणि ही ओळ ६४ पिक्सेल उंचीची असते. १०८० उंचीच्या चित्रात अशा १७ ओळी बसतात, ७२० च्या चित्रात १२. त्याही एकमेकींच्या थोड्या मागे-मागेच चालू शकतात. म्हणून १६ थ्रेडच्या मशीनवर लहान चित्र एन्कोड करताना पट्ट्या अर्ध्याच भरलेल्या दिसतात. एव्ही१ साठी एसव्हीटी-एव्ही१ घ्या. ते बांधलंच आहे अनेक कोअर डोळ्यांसमोर ठेवून.

कधी एन्कोडर मोकळा असतो आणि अडथळा आधीच असतो: आवाज घालवणारा, चित्र स्थिर करणारा किंवा रंग बदलणारा एखादा फिल्टर एका थ्रेडवर दमलेला असतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे एफएफएमपेगला (व्हिडिओ एन्कोड करणाऱ्या आज्ञेला) ‘-टी ६०’ देऊन पहिला एक मिनिट एन्कोड करा, एकदा फिल्टरसह, एकदा फिल्टरशिवाय. दुसऱ्या वेळी पट्ट्या भरल्या तर गुन्हेगार सापडला. तो फिल्टर सोडवत नसेल तर दोन वेगवेगळे व्हिडिओ एकदम चालवा. प्रत्येक थोडा हळू होईल, पण दोन्ही मिळून लागणारा वेळ कमी भरेल.

केडेनलाइव्ह या व्हिडिओ संपादकाच्या रेंडर खिडकीत ‘पॅरलल प्रोसेसिंग’ अशी खूण आहे. ती प्रायोगिक म्हणूनच दिली आहे. काही इफेक्टबरोबर मधली एखादी फ्रेम चुकीच्या जागी झळकून जाते, तेव्हा ती लावून केलेला व्हिडिओ गिऱ्हाइकाला देण्याआधी पुरता पाहा.

आणि एक पावसाळ्यातली गोष्ट. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते. जूनच्या रात्री तिसऱ्या तासाला लाईट गेली तर अडीच तासांचं काम असलेली ती फाइल उघडतच नाही. एन्कोड एमकेव्हीमध्ये करा. ती अर्धी राहिली तरी तिथपर्यंत चालते. पूर्ण झाल्यावर एफएफएमपेगच्या ‘-सी कॉपी’नं एमपी४ मध्ये बदलायला फार वेळ लागत नाही.

सोर्सपासून प्रोग्रॅम बांधताना ‘मेक -जे’पुढे कुठला आकडा द्यावा?

सगळीकडे एनप्रॉकचा आकडा द्या म्हणून लिहिलेलं असतं. ८ जीबी रॅमच्या १२ थ्रेडवाल्या लॅपटॉपवर तो सल्ला घातक आहे. सी++ ची एखादी मोठी फाइल कंपाइल होताना एकटी १ ते २ जीबी खाते. बारा एकदम चालल्या की रॅम संपते, स्वॅप (रॅमऐवजी डिस्कचा वापर) सुरू होतो आणि माउसही हलेनासा होतो. शेवटी कर्नल त्यातल्या एकाला मारतो आणि पडद्यावर ‘किल्ड’ आणि ‘सीसी१प्लस’ हे शब्द असलेली ओळ उरते. ती दिसली तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. आकडा कमी करा.

आपला नियम असा: मोकळी रॅम जीबीमध्ये घ्या, दोनानं भागा, आणि तो आकडा व एनप्रॉक यांतला लहान वापरा. ८ जीबीत ब्राउझर उघडा असेल तर ‘-जे३’ देऊनच सुटका होते. साध्या सी प्रकल्पांना एवढी मेमरी लागत नाही. तिथे एनप्रॉक चालतो. निंजा हे ‘मेक’सारखंच साधन वापरत असाल तर जास्त लक्ष ठेवा, कारण न सांगता ते थ्रेडपेक्षा दोन जास्तच कामं लावतं.

दुसरा त्रास: ‘-जे’सह बांधणी फसते, परत तीच आज्ञा दिली की पुढे सरकते. याचा अर्थ मेकफाइलमध्ये (बांधणीच्या पायऱ्यांच्या फाइलमध्ये) कुठेतरी अवलंबित्व लिहायचं राहून गेलंय आणि एक फाइल तयार होण्याआधीच दुसरी तिला मागते. तात्पुरतं ‘-जे१’ करा, आणि प्रकल्पाला कळवा.

लॅबमध्ये जुन्या मशीन रांगेनं पडून असतील तर ‘डिस्टसीसी’नं कंपाइलचं काम नेटवर्कवरून वाटता येतं. अट एकच: सगळीकडे कंपायलरची आवृत्ती तीच हवी.

जुन्या मराठी अंकांच्या दोन हजार स्कॅन पानांचं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर) करायचंय. टेसरॅक्ट सगळे कोअर वापरतं, तरी हळू का?

कारण एका पानासाठी ते चारपर्यंत थ्रेड लावतं आणि त्यांचा बराच वेळ एकमेकांची वाट पाहण्यात जातो. दोन हजार पानं असताना एक पान चौघांनी वाचायची गरजच नाही. चौघांनी चार पानं घ्यावीत. म्हणून ‘ओएमपी_थ्रेड_लिमिट=१’ असं व्हेरिएबल द्या (सगळी मोठी अक्षरं) आणि पानं ‘जीएनयू पॅरलल’मधून (अनेक कामं एकदम चालवणाऱ्या आज्ञेतून) सोडा. पॅरललला ‘-जे’पुढे खऱ्या कोअरचा आकडा द्यायचा, टेसरॅक्टला भाषेसाठी ‘-एल मार’. एम, ए, आर ही तीन अक्षरं. डेबियन आणि उबुंटूवर मराठीचा डेटा ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतो. तो घातला नाही तर प्रत्येक पानाला त्रुटी येते.

पॅरललला ‘--जॉबलॉग’ देऊन एक फाइल सांगून ठेवा. वीज गेली तर पुढच्या वेळी त्याबरोबर ‘--रिझ्यूम’ जोडायचं, झालेली पानं तो परत करत नाही. स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली नको. अनुस्वार आणि रफार तिथेच हरवतात, आणि ते परत आणायला कितीही कोअर पुरत नाहीत.

पायथनमध्ये आठ थ्रेड लावले, वेळ तेवढाच लागतो.

नेहमीच्या पायथनमध्ये कोड चालवणाऱ्या इंटरप्रिटरला एक जागतिक कुलूप असतं. थ्रेड कितीही करा, एका वेळी एकच पायथनचा कोड चालवतो. नेटवर्कची किंवा फाइलची वाट पाहायची कामं असतील तर थ्रेड ठीक आहेत. गणितासाठी थ्रेडऐवजी स्वतंत्र प्रोसेस काढणारं ‘मल्टिप्रोसेसिंग’ घ्या. त्यात डेटा एका प्रोसेसकडून दुसऱ्याकडे बांधून पाठवावा लागतो, म्हणून मोठा तक्ता फिरवत बसण्यापेक्षा फाइलचं नाव पाठवा आणि तिथे उघडा. ३.१४ पासून लिनक्सवर नवी प्रोसेस सुरू करायची पद्धतही बदलली आहे. जुना कोड ग्लोबल व्हेरिएबल आपोआप मिळतात असं धरून चालत असेल, तर तो तिथे अडखळतो.

ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये कुलूप नसलेली पायथनची बांधणी प्रायोगिक म्हणून आली, आणि ३.१४ मध्ये तिला अधिकृत पाठिंबा मिळाला. ती वेगळी बसवावी लागते. तुम्ही वापरता त्यातली प्रत्येक लायब्ररी तिच्यासाठी तयार आहे का, हे आधी पाहा.

नमपाय ही पायथनची गणिती लायब्ररी वापरणाऱ्यांचा त्रास उलटा. तिथे खालची ओपनब्लास लायब्ररी स्वतःच सगळे कोअर घेते. तुम्ही आठ प्रोसेस केल्या आणि प्रत्येकीनं आठ थ्रेड काढले, की आठ कोअरवर चौसष्ट जण धक्काबुक्की करतात. ‘ओपनब्लास_नम_थ्रेड्स=१’ (मोठी अक्षरं) ठेवून पाहा. कित्येकदा एवढ्यानंच काम होतं.

ओपनएमपी लावलं, उत्तर दर वेळी वेगळं येतं.

बेरजेचं व्हेरिएबल सगळे थ्रेड एकदम बदलत आहेत. प्राग्माच्या ओळीत (काम थ्रेडमध्ये वाटायला सांगणाऱ्या ओपनएमपीच्या सूचनेत) ‘रिडक्शन’ लिहा, म्हणजे प्रत्येकाची बेरीज वेगळी होते आणि शेवटी जोडली जाते. दशांश संख्यांत शेवटच्या एखाद-दोन अंकांचा फरक त्यानंतरही राहील. बेरजेचा क्रम बदलतो म्हणून तो येतो, ती चूक नव्हे.

उत्तर बरोबर पण वेग नाही, तर दोन शक्यता. जीसीसी कंपायलरला ‘-एफओपनएमपी’ द्यायला विसरलात. तो प्राग्मा मुकाट्यानं गाळतो आणि सगळं एका थ्रेडवर चालतं. किंवा प्रत्येक थ्रेड एकाच ॲरेच्या शेजारशेजारच्या घरांत लिहितो आहे. कॅशची (कोअरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीची) एक ओळ ६४ बाइटची असते. तिच्यात ८ बाइटचे आठ आकडे बसतात, आणि कुणी एकानं लिहिलं की बाकीच्या कोअरकडची ती ओळ रद्द होते. घरं ६४ बाइट अंतरावर ठेवा, किंवा थ्रेडच्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये साठवून शेवटी एकदाच लिहा.

भरती-ओहोटीची, समुद्रप्रवाहांची मॉडेलं चालवणारे विद्यार्थी ओपन एमपीआयवर (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणाऱ्या लायब्ररीवर) अडतात ते बहुधा ‘स्लॉट पुरेसे नाहीत’ या संदेशावर. ओपन एमपीआय खरे कोअर मोजतं, थ्रेड नाही. चार कोअर, आठ थ्रेडच्या मशीनवर ‘-एनपी ८’ दिलं की ते नकार देतं. ‘--यूज-एचडब्ल्यूथ्रेड-सीपीयूज’ दिलं की चालेल, पण अशा मॉडेलांना मेमरीचा रस्ता कमी पडतो, तेव्हा चारवरचा वेळ आधी मोजून ठेवा.

डेटाबेसला कोअर वाढवून दिले तर अहवाल लवकर निघेल का?

पोस्टग्रेसमध्ये एकच क्वेरी अनेक कोअरवर वाटायची सोय २०१६ च्या ९.६ पासून आहे. मूळ सेटिंगमध्ये एका टप्प्याला जास्तीत जास्त दोन मदतनीस मिळतात. ‘मॅक्स_पॅरलल_वर्कर्स_पर_गॅदर’ वाढवलं की जास्त. टेबल ८ एमबीपेक्षा लहान असेल तर तो विचारही करत नाही. ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’मध्ये किती मदतनीस ठरवले आणि किती खरोखर आले, हे दोन्ही दिसतं. मारियाडीबीत एक क्वेरी एकाच थ्रेडवर जाते. तिथे जास्त कोअरचा फायदा एकाच वेळी बिलिंग करणारे काउंटर अनेक असतील तेव्हा, महिनाअखेरच्या एकाच मोठ्या अहवालाला नाही. त्या अहवालासाठी इंडेक्स घाला.

पी-कोअर आणि ई-कोअर असलेल्या नव्या लॅपटॉपवर लिनक्स नीट चालतं का?

चालतं, कर्नल जुना नसेल तर. आय५-१२३५यू मध्ये २ मोठे (पी) आणि ८ छोटे (ई) कोअर, मिळून १२ थ्रेड आहेत. ‘एलएससीपीयू -ई’च्या कमाल वेगाच्या रकान्यात मोठ्यांचा ४४०० आणि छोट्यांचा ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपास दिसतो. इंटेलच्या हार्डवेअरकडून कर्नलला मिळणाऱ्या सूचना वाचण्याची सोय ५.१८ मध्ये आली. डेबियन ११ चा कर्नल ५.१० आहे, तो या मशीनला पुरत नाही. डेबियन १२ (६.१) किंवा उबुंटू २४.०४ (६.८) घ्या.

एखादं काम चुकून छोट्या कोअरवरच रेंगाळत असेल तर ‘टास्कसेट -सी ०-३’ लावून ते मोठ्यांवर बांधून पाहा. आकडे तुमच्या तक्त्यातून घ्या. कायमचं बांधून ठेवायची सवय मात्र लावून घेऊ नका.

पाच मिनिटं वेग चांगला असतो, मग अर्ध्यावर येतो.

गरम होतंय. एक कोअर चालवणं आणि सगळे तासभर चालवणं यांत उष्णतेचा फार फरक असतो. ‘एलएम-सेन्सर्स’ पॅकेज घाला, एकदा ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ चालवा आणि मग काम सुरू असताना ‘सेन्सर्स’ पाहत राहा. तापमान ९५-१०० अंशांना टेकून वेग खाली येत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये करण्यासारखं काही नाही.

डिचोली-सांगे पट्ट्यात खाणीची तांबडी धूळ पंख्याच्या पात्यांमागे, हीटसिंकच्या फटींत घट्ट थर करते. वरून फुंकर मारून ती जात नाही. पंखा सोडवून ब्रशनं काढावी लागते. किनाऱ्यालगत हवेतला खार आणि दमटपणा मिळून तीच धूळ चिकट करतात. तीन-चार वर्षं झालेल्या मशीनचं थर्मल पेस्टही बदला, वाटाण्याएवढं पुरतं. लॅपटॉप गादीवर ठेवून रेंडर लावणाऱ्यांना वेगळं काही सांगायला नको.

रास्पबेरी पायवर चारही कोअर पूर्ण चालवता येतात का?

उघड्या पाय ४ वर, म्हणजे पेटी-पंख्याशिवायच्या त्या छोट्या संगणकावर, गोव्यातल्या एप्रिलमध्ये फार वेळ नाही. ८० अंशांना तो वेग कमी करायला लागतो. हीटसिंक आणि पंखा बसवा. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’चं उत्तर ०एक्स० आलं तर सगळं ठीक. ०एक्स५०००० आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडलं होतं आणि वेगही आवळला गेला होता. तेव्हा आधी चार्जर बदला: पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ अँपिअर. फोनचे चार्जर आणि बारीक केबल यांचा इथे उपयोग नाही.

मोठं काम चालू असताना मशीन दुसऱ्या कशालाच दाद देत नाही.

कामापुढे ‘नाइस -एन १९’ लावा, डिस्कही घासत असेल तर ‘आयओनाइस -सी ३’. कोअर सगळे वापरले जातात, पण तुम्ही टाइप करायला लागलात की ते काम मागे सरकतं. पक्की मर्यादा हवी असेल तर ‘सिस्टमडी-रन --स्कोप -पी सीपीयूकोटा=२००%’; इथे सी, पी, यू आणि क्यू मोठे, आणि २०० टक्के म्हणजे दोन कोअरइतका वेळ. रॅम संपून अडकत असेल तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनात) ‘--सीपीयूज=२’ दिलं तरी आतला एनप्रॉक बहुधा यजमान मशीनचे सगळे कोअर दाखवतो. आतला प्रोग्रॅम त्यावर भरवसा ठेवून सोळा थ्रेड काढतो आणि दोन कोअरच्या वेळात ते कोंबतो. ‘--सीपीयूसेट-सीपीयूज’ दिलं तर आकडा बरोबर येतो.

सुरक्षेसाठी हायपरथ्रेडिंग बंद करावं का?

एका थ्रेडची माहिती त्याच कोअरवरच्या दुसऱ्याला कळू शकते, म्हणून ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमनं २०१८ मध्ये ते मुळातच बंद ठेवायचं ठरवलं. अनोळखी लोकांच्या व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तर विचार करा. घरच्या किंवा कचेरीच्या मशीनवर अद्ययावत कर्नल पुरेसा आहे.

कोअर वाढले की परवान्याचे पैसे वाढतात का?

लिनक्स, पोस्टग्रेस, ब्लेंडर यांपैकी कशातही नाही. उलट बाजूला मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २०१२ च्या आवृत्तीपासून कोअरवर परवाना मोजतो, एका प्रोसेसरमागे कमीत कमी चार.

नवीन मशीन घ्यायचंय. किती कोअर?

पत्रव्यवहार, हिशेब, ब्राउझर यांना चार कोअर आणि ८ जीबी चालतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपल्यावर बाजूला पडलेल्या मशीनही एसएसडी घालून या कामाला लावता येतात. व्हिडिओ किंवा प्रोग्रॅमिंगसाठी आय५-१२४०० सारखे सहा सारखेच कोअर आणि १६ जीबी ही बरी सुरुवात. रॅम एका पट्टीत १६ घेण्याऐवजी ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. एका पट्टीवर मेमरीचा रस्ता निम्मा राहतो, आणि सहाही कोअर धावायला लागले की तो अपुरेपणा आधी जाणवतो. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. एक पट्टी लावून दुसरी जागा ‘पुढे वाढवायला’ ठेवणं त्याला सोपं पडतं.

एखादा प्रोग्रॅम कोअर नीट वापरत नाही असं दिसलं तर प्रकल्पाला काय कळवायचं?

‘एलएससीपीयू’चं पूर्ण उत्तर, ‘यूनेम -आर’, प्रोग्रॅमची नेमकी आवृत्ती आणि ती वितरणाच्या पॅकेजमधून आली की तुम्ही स्वतः बांधली, हे लिहा. एकच फाइल घेऊन १, २, ४ आणि सगळे थ्रेड असे चार वेळा ‘टाइम’चे आकडे द्या, प्रत्येक तीनदा मोजून मधला. पहिली फेरी सोडून द्या, कारण तेव्हा फाइल डिस्कवरून येते आणि पुढच्या वेळी मेमरीतून. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच मोजा. बॅटरीवर घेतलेल्या आकड्यांवरून कुणालाच काही ठरवता येत नाही.